मायचा कळप

आमच्या घरी मेंढ्या आल्या तेव्हा त्यांना मराठी कळत नव्हती. आज नातवाला मी हे हसत सांगते, पण त्या उन्हाळ्यात घरात कुणालाच हसू येत नव्हतं. गाव आमचं जैनथच्या पुढे, पैनगंगेच्या काठावर. तिला आमच्याकडे नुसतं गंगाच म्हणतात. गंगेच्या पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेव्हाचं आंध्र, आणि आम्ही अलीकडे राहून पलीकडचं बोलणारे. घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात जो समोर येईल त्याची भाषा. माणसं अशी तीन तोंडांनी बोलून निभावून नेतात. मेंढीचं तसं नसतं. तिच्या कानात एकदा एक हाक बसली की बसली.

घर म्हणजे कुडाची एक खोली आणि पुढे सपरी, उतरत्या छपराची ओसरी. सपरीच्या कोपऱ्यात जातं. माझ्या लहानपणाची आठवण काढायची म्हटली की मला आधी चित्र दिसत नाही, आवाज ऐकू येतो. जात्याची घरघर आणि तिच्यात मिसळलेला मायचा हुंकार. बाकीच्या बाया दळताना गाणी म्हणायच्या. मायला गाणी येत नव्हती, किंवा येत असली तरी ती म्हणत नसे. ओठ मिटून ती नाकातल्या नाकात एक लांब सूर धरायची. तो खाली जायचा, थोडा थांबायचा, पुन्हा वर यायचा. त्या सुराला शब्द नव्हते. मी गोधडीत अर्धवट जागी असायची, आणि तो सूर चालू आहे तोवर जगात सगळं ठीक आहे असं मला वाटायचं. दळायला ती नेहमी गंगेकडे तोंड करून बसायची. तिचं माहेर गंगेच्या पलीकडे होतं, एवढंच मला माहीत होतं. शेजारची कौसाबुढी एकदा मला म्हणाली होती, "तुही माय पह्यले घाटावर जाऊन बसे. भाकर करपली तरी तिले भान नसे." काऊन, असं मी विचारलं तर बुढीने तोंडात तंबाखू टाकला आणि पदराने तोंड पुसलं. बुढीला दुसऱ्याच्या घरातलं सगळं ठाऊक असायचं, पण सांगायची ती निम्मंच.

बाबा पाटलाच्या घरी सालदार होते. माय सोंगणी, निंदणी, वेचणी, जे असेल ते करायची. संध्याकाळी भाकरी आणि अंबाडीची भाजी, वर लाल मिरचीचा ठेचा. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर मिळायची, ती द्रोणाला चिकटलेली सुद्धा आम्ही बोटाने पुसून खायचो. गरिबी होती असं म्हणायचं तर होती. पण आम्हाला तिचं नाव नंतर, शिकल्यावर कळलं. बाबा थट्टेखोर. दिवसभर पाटलाचं ऐकून घेतलेला माणूस घरी येऊन मायची, माझी, कोंबडीची, सगळ्यांची थट्टा करायचा. माय फारसं बोलायची नाही. तिचं एक वाक्य मात्र मी अनेकदा ऐकलं होतं. कपाशीच्या ओळीतून वाकून येऊन कंबर सरळ करताना ती म्हणायची, "जनम गेला मांगं मांगं चालून. वखराच्या मांगं, बायांच्या मांगं, पाटलीनीच्या मांगं. माह्या मांगं कोनी चालत नाई." त्यावर बाबा म्हणायचे, "कोंबडी चालते ना."

होळीच्या आसपास दरवर्षी मल्लय्याचा कळप यायचा. मल्लय्या कुरमा, म्हणजे तेलुगू मुलखातला धनगर, दक्षिणेकडच्या कुठल्यातरी गावचा. उन्हाळा लागला की चारा-पाण्यासाठी तो मेंढ्या घेऊन गंगेच्या काठाकाठाने वर जायचा आणि मृगाच्या आधी त्याच वाटेने परतायचा. जाता-येता आमच्या गावच्या शेतांत त्याचा कळप बसायचा, खतासाठी लोक त्याला धान्य द्यायचे. कळप दिसायच्या आधी त्याचा वास यायचा, मग धूळ, मग खुरांचा तो मऊ आवाज, हजार माणसं अनवाणी चालावीत तसा. काळ्या, तांबूस, लोकरीच्या ओझ्याने बुटक्या दिसणाऱ्या मेंढ्या. त्यांच्या मागे डोक्यावरून घोंगडी घेतलेला मल्लय्या. तो हाक मारायचा, "दा... दा... दा...", आणि शेवटी जीभ टाळूला लावून एक थरथरता आवाज काढायचा. तेवढ्याने सगळा कळप एका अंगाने वळायचा. आम्ही पोरं वेड्यासारखी बघत राहायचो.

मी शाळेत तेलुगू शिकत होते म्हणून मल्लय्याच्या आणि गावाच्या मधली दुभाषी मीच. त्याला थोडी मराठी, थोडी हिंदी यायची; तिन्ही एका वाक्यात घालून तो बोलायचा. मला 'बिड्डा', म्हणजे लेकरा, म्हणायचा आणि त्याच्या गाडग्यातला ज्वारीचा घट्ट गटका द्यायचा. आमच्या आंबिलीचाच तो भाऊ, पण परक्याच्या गाडग्यातला म्हणून मला जास्त गोड लागायचा.

त्या वर्षी त्याच्या काही मेंढ्या गाभण होत्या आणि दिवस भरत आले होते. एक तर पायाने लंगडत होती. पुढची वाट खडकाळ, त्यांच्याने चालवणार नव्हतं. विकायच्या म्हटलं तर त्याला पैसे नको होते. सोबतची माणसं पोटभर खातील असं धान्य त्याला हवं होतं. माय विहिरीवर पाणी भरताना हे ऐकत होती. घागर तिथेच ठेवून ती मल्लय्यासमोर येऊन उभी राहिली. मला म्हणाली, "बेबी, त्याले इचार, माही सोंगनीची ज्वारी घेईन काय?"

सोंगणीची ज्वारी म्हणजे तिची हंगामभराची मजुरी. कणगीत भरून ठेवलेली, पावसाळा निघेपर्यंत पुरवायची. मी विचारलं. मल्लय्याने मायकडे बघितलं, मग मेंढ्यांकडे. म्हणाला, "अक्का, मेंढी पालना, तुमको आता है?"

"शिकीन," माय म्हणाली.

संध्याकाळी बाबांना कळलं तेव्हा कणगी रिकामी झाली होती आणि सपरीत चार मेंढ्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. बाबा कणगीत डोकं घालून आले, मेंढ्यांकडे बघून आले, आणि बाजेवर बसले. "धनगर ना कुरमा आपन," ते म्हणाले. "हे काय करून राह्यली वं तू?"

"माह्यावाला कळप," माय म्हणाली आणि चूल पेटवायला लागली. त्या दिवशी बाबांनी थट्टा केली नाही. त्यावरून ते किती घाबरले होते ते मला समजलं.

मल्लय्याचा कळप पुढे गेला आणि आमच्या मेंढ्या तो गेला त्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. माय त्यांना चारायला नेऊ लागली. हाक मारावी तर त्या मान सुद्धा वळवत नसत. ये ये म्हणून झालं, चुचकारून झालं, मुठीत मीठ दाखवून झालं. मेंढपाळाच्या घरात हाक बापाकडून पोराकडे येते. आमच्या घरात ती कुठून यावी? शेवटी मला एक युक्ती सुचली. मी मायला मल्लय्याची हाक शिकवली. नदीकाठी आम्ही दोघी उभ्या राहून "दा... दा... दा..." म्हणून ओरडलो आणि जिभेचा तो आवाज काढला. मेंढ्यांनी लगेच माना वर केल्या, कान टवकारले, आणि आमच्याकडे न बघता चारी बाजूंना मल्लय्याला शोधू लागल्या. लंगडी तर त्याच्या वाटेने चालायलाच लागली. तिला मी धावत जाऊन कवेत धरून आणलं. त्या दिवसापासून मायने ती हाक बंद केली. गाव मात्र आम्हाला बघितलं की "दा दा" करायचं. बाबांची थट्टाही परत आली. ते म्हणायचे, "ह्या मेंढ्या नाई, पाहुन्या हायेत. पाहुन्याले हाक मारत असतात काय? हात जोडून या म्हना लागते."

मग कोकरं झाली. पहिलं झालं ते भर दुपारी, पळसाखाली. ओलं, काळं, गुंडाळलेल्या फडक्यासारखं. बघता बघता ते चार पायांवर उभं राहिलं आणि पडलं आणि पुन्हा उभं राहिलं. पळस तेव्हा नुसता फुलांचा होता, त्याच्यावर पान नव्हतं. वारा आला की फुलं टपटप पडायची आणि मेंढी ती चावत चावत पिल्लाला चाटायची. इतकी वर्षं झाली, पळस फुलला की मला त्या ओल्या लोकरीचा वास येतो. गुडीहत्नूरच्या शाळेत मी शिकवायला होते तेव्हा वर्गाच्या खिडकीतून एक पळस दिसायचा. फाल्गुनात माझं लक्ष धड्यात नसायचं आणि पोरांना ते ठाऊक होतं. त्या दिवसांत ती गृहपाठ करत नसत.

तीन मेंढ्यांची कोकरं जगली. लंगडीचं जगलं नाही. श्वास न घेताच आलं ते. बाबांनी घाटाजवळ खड्डा केला. लंगडी दिवसभर सपरीत जमीन हुंगत फिरली. माय तिच्याजवळ बसून होती. हात लावत नव्हती, नुसती बसली होती. चूल त्या दिवशी मी पेटवली आणि माझ्या भाकरी फुगल्या नाहीत, त्या तशाच खाल्ल्या.

मोठ्या मेंढ्या दिवसा चरायला जायच्या आणि कोकरं घरात राहायची. जात्याजवळ बाबांनी त्यांना तुऱ्हाट्यांचा, तुरीच्या वाळक्या काड्यांचा, आडोसा करून दिला होता. पहाटे माय बाबांच्या सालातली पसाभर ज्वारी दळायला बसली की जात्याची घरघर आणि तिचा हुंकार सुरू व्हायचा आणि आडोशामागे खुरांची टिकटिक. दळण संपलं की ती जात्याच्या पाळूवरचा, कडेला साचलेला कोंडा हातावर घेऊन आडोशावरून आत धरायची. त्या मऊ, ओल्या जिभा तिच्या तळहातावरून फिरायच्या. पुढेपुढे सूर लागला रे लागला की कोकरं आडोशाला धडका द्यायची. बाबा अंथरुणातून म्हणायचे, "बंद कर वं तो भोंगा, शाळा भरली." मला मात्र त्या अर्धवट झोपेत वाटायचं की आपणही त्या आडोशाच्या आतच आहोत. मी, कोकरं, बाहेर उजाडणारं, सगळं एका सुराच्या पोटात आहे.

उन्हाळा सरत आला तशी कोकरं आयांबरोबर रानात जायला लागली. मेंढ्यांना आमची थोडी सवय झाली होती, पण हाकेला ओ नव्हती. पिल्लांमुळे त्या घरी यायच्या एवढंच.

आणि एका दुपारी गंगेच्या वरच्या अंगाने धूळ दिसली.

मी मेंढ्यांजवळ होते. आधी वास आला, मग खुरांचा तो मऊ आवाज. मग मल्लय्याची हाक. आमच्या चारही मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या. मी "ये ये" म्हणेपर्यंत त्या उधळल्या सुद्धा. लंगडी तीन पायांवर सगळ्यांच्या पुढे, आणि कोकरं बें बें करत मागे. त्या धुळीत शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. इतक्या काळ्या पाठींत आमच्या कोणत्या ते मला सांगता येईना. मी रडत घरी पळाले.

माय आणि बाबा आले तेव्हा कळप आंब्याखाली बसला होता. मल्लय्याने आम्हाला पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. बाबा म्हणाले, "तुमीच वळखून काहाडा. कोनत्या देल्या व्हत्या, तुमाले ठाव हाये."

मल्लय्याने मान हलवली. त्याचं बोलणं मी बाबांना सांगत गेले. कळपात शिरलेली मेंढी हाताने ओढून काढायची नाही, अशी त्यांची रीत. ओढून नेलेली मेंढी तिकडे राहत नाही, तिचं मन इकडेच असतं. आज ना उद्या ती पळते आणि सोबत दुसऱ्यांनाही नेते. ज्याची असेल त्याने कळपाबाहेर उभं राहून हाक मारायची. येतील त्या त्याच्या. मल्लय्या पुढे म्हणाला, "अक्का, नाही आल्या, तो तुमची ज्वारी मी पूरी वापस देतो. मेरे को तुमचं नको."

बाबांचा चेहरा उजळला. खरं सांगते, माझाही. कणगी पुन्हा भरणार होती. पावसाळा पुढे होता आणि गेले दोन महिने आम्ही बहुतेक पातळ आंबिलीवरच होतो. बाबा हळूच म्हणाले, "घे ज्वारी. मिटलं. त्याइले आपन नाई मानवलो."

माय तिथून उठली. चालत चालत ती कळपापासून दूर, गाडवाटेवर जाऊन उभी राहिली. ये ये, अशी तिने हाक मारली. तिचा आवाज अगोदरच बारीक, त्यात मल्लय्याची माणसं बघतायत, गावातले दोघे-तिघे बांधावर जमलेले. कुणीतरी "दा दा" केलं आणि बाकीचे हसले. कळपात एक कान हलला नाही. तिने पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा आवाज फुटलाच नाही. ती तशीच उन्हात उभी राहिली, डोक्यावरचा पदर पुढे ओढून. बाबा तिला आणायला म्हणून निघाले. मला वाटलं, आता घरी जायचं, आणि उद्यापासून माय पुन्हा बायांच्या मागे ओळीत.

तेव्हा मायने गंगेकडे तोंड केलं, ओठ मिटले आणि तो सूर धरला. जात्यावरचा. बांधावरच्या लोकांना तो ऐकूही गेला नसेल. खाली गेला, थांबला, वर आला. तिचा उजवा हात नकळत पोटाशी गोल फिरत होता, खुंटा धरल्यासारखा. ती कळपाला बोलावत होती की स्वतःलाच धीर देत होती, ते मला आजही ठाऊक नाही.

कळपाच्या मधोमध कुठेतरी एक बारीक बें झालं. मग आणखी एक. पायांच्या जंगलातून वाट काढत आमचं पळसाखालचं कोकरू बाहेर आलं, इकडेतिकडे बघितलं आणि धूम मायकडे पळालं. त्याच्यामागे दुसरं, तिसरं. जाऊन तिन्ही तिच्या हाताला तोंडं घासू लागली, कोंडा कुठाय म्हणून. आणि मग कळपातून त्यांच्या आया ओरडायला लागल्या. पोर दिसेना म्हटल्यावर त्या काय मल्लय्याचं ऐकतात? गर्दी फोडून एक आली, दुसरी आली, तिसरी आली. मल्लय्याने मुद्दाम एकदा "दा... दा..." केलं. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. तो खाली बसून मांडीवर हात मारत हसला. "तल्ली पिल्ल येनुकने वस्तदि, बिड्डा," मला म्हणाला. आई पिल्लाच्या मागेच येते.

लंगडी राहिली. तीही कळपाच्या कडेपर्यंत आली होती. मायचा सूर तिच्या ओळखीचा होता, आडोशाच्या बाहेर बसून तिने तो रोज ऐकला होता. मायने पुन्हा सूर धरला. लंगडी दोन पावलं पुढे आली, कोकरांकडे बघितलं, त्यातलं कुणीच तिचं नव्हतं. ती थांबली. मग हळूहळू मागे सरली आणि आपल्या जुन्या मैत्रिणींच्या अंगाला टेकून उभी राहिली. मल्लय्याला वाईट वाटलं असावं. रीत मोडून तो तिला उचलायला वाकला.

"नको दादा," माय म्हणाली. "राहू द्या तिले. तिचं इथं कोन हाये?"

लंगडीच्या वाट्याची ज्वारी मल्लय्याने मोजायला काढली, तर मायने तीही घेतली नाही. मग त्याने आपली एक घोंगडी घडी करून तिच्या हातात ठेवली. पुढे कित्येक वर्षं ती जात्याखाली अंथरलेली असायची आणि त्या तीन मेंढ्यांचा कळप वाढत वाढत सपरीत मावेनासा झाला. पण ते सगळं पुढचं.

त्या संध्याकाळी आम्ही गाडवाटेने घरी निघालो तेव्हा पुढे माय होती. तिच्या पाठोपाठ कोकरं, कोकरांमागे मेंढ्या, आणि सगळ्यांच्या मागे धूळ खात बाबा आणि मी. बाबा मायच्या मागे चालताना मी पहिल्यांदाच पाहत होते. ते थट्टा करतील म्हणून मी वाट बघितली. त्यांनी केली नाही. ते मायच्या पाठीकडे बघत चालले होते.

मला लंगडीचं विचारल्यावाचून राहवेना. मी कडेकडेने पळत पुढे जाऊन मायला गाठलं. म्हटलं, "माय, तो देऊन राह्यला होता ना. काऊन सोडली तिले?"

ती चालतच होती. मागची कोकरं तिने एकदा वळून पाहिली. मग म्हणाली, "तुह्या अदुगर दोन लेकरं मातीत घातली म्या. दोनीबी खेपेले मी गंगा उतरून निंघून गेली व्हती. तुह्ये बाबा पान्यात उभं राहून हाका मारत. नाई आली मी. तुह्या मामानं हात धरून आनून घातली. ओढून आनलेल्याचं मन लागते काय, बाई? मी आपली रोज त्या गंगेकडंच पाहो."

"मंग?"

"मंग तू झाली." तिने पदराने मानेवरचा घाम पुसला. "चाल आता समोर, पाह्य, वांग्याच्या वाडीत शिरतीन थे."

कोकरं खरंच वाडीच्या कुंपणाकडे वळली होती. बाबांनी मागून हुर्र केलं आणि ती परत वाटेवर आली. मी समोर गेले नाही. तिच्या मागेच, कोकरांच्या मधून, घरापर्यंत चालत राहिले.